लिहून नेलं, त्याचं पुढं काय झालं?

धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर बचत गटाची बैठक चालू होती. बाया ऊसतोडीहून नुकत्याच परतल्या होत्या. हिशेब झाला, चहा झाला, आणि कोपऱ्यात बसलेली पन्नाशीची एक बाई म्हणाली, "ताई, दोन सालामागं एक पोरगी आली व्हती. गुणाची व्हती. तीन दिवस माझ्याच घरी जेवली. माझी बाळंतपणं, पिशवीचं आपरेशन, मुकादमाची उचल, समदं लिवून न्हेलं तिनं. टेपबी केलं. त्याचं पुढं काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या बोलण्यावर एखादा प्रबंध झाला असेल. त्यातून दोन शोधनिबंध निघाले असतील. कुणाची नोकरी पक्की झाली असेल, कुणाची बढती झाली असेल. किंवा यातलं काहीच न होता ती वही कुठल्या तरी कपाटात धूळ खात पडली असेल. पण या बाईपर्यंत त्यातलं एक अक्षर परत आलं नाही. आणि असं ज्यांच्या बाबतीत घडलं अशा बाया बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत बसल्या आहेत.

हा लेख त्या मुलीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. ती कदाचित आपल्याच एखाद्या कार्यकर्तीची मुलगी असेल. हा लेख त्या व्यवस्थेच्या विरोधात आहे, जिच्यात आमचं जगणं हा कच्चा माल आहे, पक्का माल दुसरीकडे तयार होतो, आणि तो विकत घेण्याची ऐपत आमच्यापैकी कुणाचीच नाही. कापसाचं जे झालं, उसाचं जे होतं, तेच आमच्या शब्दांचं चाललं आहे.

आमच्यावर कुणी, कसं लिहिलं

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर एन्थोवेनचे जाडजूड ग्रंथ निघाले, त्यांत आम्ही नव्हतो. आमच्यासाठी १९२० साली सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजामाच्या मुलखातल्या जातीजमातींवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. जातवार प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरणात ठरलेले मथळे: उत्पत्ती, लग्न, पाट, काडीमोड, वारसा, बाळंतपण, मयत. बाई त्यात आहे, पण कुणाशी लावून दिली जाणारी, कुणाला सोडली जाणारी, कुणाच्या मागं उरणारी म्हणून आहे. 'या जातीत विधवेला पुन्हा पाट लावता येतो,' असं वाक्य येतं. पण पाट लागताना त्या विधवेला काय वाटलं, हे विचारायला कुणी गेलं नव्हतं. तो ग्रंथ राज्यकारभारासाठी होता. राज्य करायचं तर माणसं मोजावी लागतात, त्यांच्याशी बोलावं लागत नाही.

पुढं फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्यासारखे नावाजलेले मानवशास्त्रज्ञ निजामाच्या राज्यात आले. १९४० च्या दशकात त्यांनी चेंचू, रेड्डी, राजगोंड यांच्यावर ग्रंथ लिहिले. ते सगळं काम तेलंगणाच्या बाजूचं, डोंगर आणि जंगलातल्या आदिवासींवरचं. मराठवाड्यातल्या काळ्या रानात राबणारी कुणबी, वंजारी, महार, मांग, लमाण बाई त्या शास्त्राला पुरेशी 'वेगळी' वाटली नसावी.

पण आपल्या समाजाबद्दल आपणच लिहायचं, हे काम सिराज-उल-हसन यांच्या ग्रंथाआधी पासष्ट वर्षं एका मुलीनं केलं होतं. सावित्रीबाई आणि जोतिरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. तिनं जातीची उत्पत्ती सांगितली नाही. आपल्या माणसांना कोण छळतं आणि कुठल्या धर्माच्या नावानं छळतं, हे विचारलं. त्यात मांग-महार बायकांच्या बाळंतपणाचे हालही तिनं लिहिले. त्या निबंधाला आज आपण दलित स्त्रीच्या लेखनाची सुरुवात म्हणतो. समाजशास्त्राची सुरुवात म्हणून तो कितीशा अभ्यासक्रमांत लावलेला आहे? शाळकरी मांग मुलीनं लिहिलं ते 'मनोगत', आणि अधिकारी पुरुषानं लिहिलं ते 'शास्त्र', ही वाटणी तेव्हापासून चालत आली आहे.

ओवी कुणाची?

आमच्या शब्दांना विद्वानांनी मान दिला तो ओवीच्या निमित्तानं. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, कमलाबाई देशपांड्यांनी केल्या, दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचं शास्त्र मराठीत मांडलं, सरोजिनीबाई बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत एकामागून एक संग्रह काढले. ही कामं झाली नसती तर बरंच काही पिठाच्या गिरणीच्या आवाजात कायमचं बुडालं असतं. हे ऋण मान्य करूनच पुढचं विचारते आहे.

या जुन्या संग्रहांपैकी बहुतेकांत ओवीच्या खाली गाणारीचं नाव नाही. मुखपृष्ठावर संपादकाचं नाव, आत प्रकाशकाचं नाव, प्रस्तावना लिहिणाऱ्याचं नाव आहे, पण पहाटे तीनला उठून पायली दळताना जिनं ती रचली तिचं नाव नाही. कारण काय, तर लोकसाहित्य समूहाचं असतं, त्याला कर्ता नसतो. मैत्रिणींनो, या शास्त्रीय वाक्याचा फायदा कुणाला झाला ते बघा. बुवांच्या अभंगात शेवटी नाममुद्रा असते, म्हणून तो बुवांचा. बाईनं ओवीत स्वतःचं नाव घालायचं नाही, तर भावाचं आणि लेकाचं घालायचं, ही घराची रीत. आणि शास्त्रानं त्याच रीतीला सिद्धान्त करून टाकलं!

दुसरी गोष्ट निवडीची. सासर-माहेर, बहीण-भाऊ, विठ्ठल-रखुमाई या संग्रहांत ओसंडून वाहतात. दलित वस्तीतल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या मात्र त्यांत शोधाव्या लागतात. जातं घरोघरी होतं, पण विद्वानांचा पाय सगळ्या घरांच्या उंबऱ्याला लागत नव्हता.

याला एक मोठा अपवाद झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्याच्या आपल्या संशोधन केंद्रातून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. सुरुवात मुळशीच्या डोंगरी भागात झाली, आणि तिथं संघटनेचं काम करणाऱ्या गावच्या बायाच ओव्या गोळा करणाऱ्या झाल्या. पुढं हे काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया, एक लाखाहून जास्त ओव्या. बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकानं १९९० च्या दशकात त्यातल्या कितीतरी ओव्या बायांच्या आवाजात टेप केल्या. १९९६ साली ही मंडळी आपल्या माजलगावच्या भीमनगरात आली. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्याबरोबरच्या बायांनी बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्ध-धम्म-संघावर ओव्या गायल्या.

पॉइत्व्हाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं या ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, जमेल तिथं तिचा फोटो आणि तिचा आवाज. मजकूर मराठीतही आहे आणि इंग्रजीतही. पैसे न भरता कुणालाही वाचता-ऐकता येतो. मंडळी इतक्या वर्षांनी परत माजलगावला आली आणि गाणाऱ्यांना भेटली.

हे काम परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. त्या ओव्यांवरचं जाड विवेचन बरंचसं इंग्रजी-फ्रेंच ग्रंथांतच आहे. पण 'असं करता येत नाही' म्हणणाऱ्यांना यातून उत्तर मिळतं. लाखभर ओव्यांना नावं लावता आली, तर तुमच्या प्रबंधातल्या चाळीस बायांना का लावता येत नाहीत?

शोधनिबंधांचा बाजार

आता आजच्या विद्यापीठाकडे बघू. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुणांक लावले. निबंध छापला की इतके गुण, ग्रंथ छापला की तितके. झालं! जिकडे-तिकडे आयएसएसएन क्रमांकाची 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकं उगवली. हजार-दोन हजार रुपये भरा, आठ दिवसांत निबंध छापून घ्या. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत चर्चासत्रं होतात, पाच-सातशे पानांचे अंक निघतात, त्यांत 'ऊसतोड महिलांच्या समस्या: एक अभ्यास' अशा नावाचे निबंध एकामागून एक येतात. तेच परिच्छेद, त्याच चुका, तोच निष्कर्ष: 'महिलांचे प्रबोधन होणे गरजेचे आहे.' प्रबोधन कुणाचं व्हायला हवं आहे, हा खरा प्रश्न आहे.

आयोगालाही हे कळलं होतं. २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी काढली, आणि २०१८ च्या मे महिन्यात त्यातून ४,३०५ नावं काढून टाकावी लागली. मग २०१९ मध्ये 'केअर' यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगानं तीही बंद केली आणि नियतकालिक चांगलं की वाईट हे संस्थांनीच ठरवावं असं सांगितलं. पंधरा वर्षांत याद्या आल्या आणि गेल्या. या सगळ्या गोंधळात एकाही फेरीत कुणी असं विचारलं नाही, की ज्या माणसांवर निबंध लिहिला त्या माणसांना तो कळवला का? नियतकालिक खरं की खोटं याची तपासणी झाली, पण संशोधन ज्यांच्या जिवावर उभं राहिलं त्यांच्याशी नातं खरं की खोटं, याची झाली नाही.

दुसऱ्या टोकाला मोठी, मानाची इंग्रजी नियतकालिकं आहेत. तिथं छापून यायला दोन-दोन वर्षं लागतात आणि वाचायला डॉलरमध्ये पैसे लागतात. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी विद्यापीठांतल्या, महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना ती वाचता येतील. त्यांना फायदा होईल, त्याला विरोध नाही. पण या योजनेत तालुक्याचं वाचनालय नाही, महिला संघटना नाही, ऊसतोड मजुरांची युनियन नाही. म्हणजे बघा: केजच्या बाईनं आपल्या वेदना फुकट सांगितल्या. संशोधक मुलीनं निबंध फुकट लिहून दिला. तपासणाऱ्या प्राध्यापकानं तो फुकट तपासला. प्रकाशकानं तो कुलपात ठेवला. मग सरकारनं जनतेच्या कराच्या पैशातून त्या कुलपाची किल्ली भाड्यानं घेतली. आणि केजच्या बाईला ती किल्ली अजूनही मिळत नाही! मुकादमाचा हिशेब यापेक्षा सरळ असतो म्हणायची वेळ आली.

एका बाजूला पैसे भरून छापलेला, कुणीच न वाचणारा कचरा. दुसऱ्या बाजूला पैसे भरल्याशिवाय न मिळणारं सोनं. दोन्हीकडे आमच्या हाती काहीच नाही.

'मराठीत लिहिलं तर गुण मिळत नाहीत'

असं मला एका तरुण संशोधक मैत्रिणीनं सांगितलं. ती तासिका तत्त्वावर शिकवते, पक्की नोकरी नाही. तिची अडचण खरी आहे. पण मराठीत लिहिणं हे शास्त्राला कमीपणा आणणारं आहे ही समजूत आली कुठून?

इरावतीबाई कर्व्यांनी डेक्कन कॉलेजात बसून भारतातल्या नात्यागोत्यांवरचा ग्रंथ १९५३ साली इंग्रजीत काढला, जगानं तो वाचला. त्याच इरावतीबाईंनी 'मराठी लोकांची संस्कृती' मराठीत लिहिली. त्यांचं शास्त्र त्यानं पातळ झालं नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी विद्यापीठाच्या पगारी संशोधक म्हणून नव्हे, तर चळवळीतल्या बाया म्हणून गावोगाव हिंडल्या. आंबेडकरी चळवळीत लढलेल्या स्त्रियांना शोधून काढलं, त्यांच्या तोंडून त्यांचं आयुष्य ऐकलं, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' मराठीत छापलं. बायांची नावं आहेत, गावं आहेत, त्यांचं म्हणणं आहे. त्या बायांच्या मुली-नातींना ते वाचता आलं. मग २००८ साली वंदना सोनाळकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला आणि पुस्तक जगात गेलं. आधी आपल्या माणसांत, मग जगात. हा क्रम महत्त्वाचा आहे. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना 'साक्ष' मानून समाजशास्त्राच्या वर्गात आणलं. आत्मकथन म्हणजे केवळ रडगाणं नव्हे, ते समाज समजून घेण्याचं ज्ञान आहे, असं त्यांनी इंग्रजीत ठणकावून सांगितलं. २०१३ साली त्या गेल्या. त्यांचं काम पुढं न्यायचं तर आता उलटा रस्ताही बांधावा लागेल, इंग्रजीकडून मराठीकडे.

आणि आपल्या विद्यापीठाबद्दल एक सांगायलाच हवं. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून लढा झाला. १९७८ साली त्यासाठी मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, बाया-पोरं रानोमाळ झाली. १९९४ साली नाव मिळालं. ज्या नावासाठी अंगठा लावणाऱ्या बायांनी घरं जळताना बघितली, त्या नावाच्या विद्यापीठात झालेला प्रबंध त्या बायांच्या घरी का पोचू नये? नाव पाटीवर लागलं, ते कारभारातही उतरायला हवं.

नाव कधी लावायचं, कधी लपवायचं

इथं एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. 'आम्ही नावं लपवतो ती बायांच्याच भल्यासाठी. नाव छापलं तर मुकादम काम देणार नाही, नवरा मारेल.' खरं आहे. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या करू या. बाईची निर्मिती एक, आणि बाईची जखम दुसरी. ओवी, गोष्ट, औषधाचं ज्ञान, बियाणं राखायची रीत ही तिची निर्मिती. तिथं नाव लपवणं ही चोरी आहे. मारहाण, गर्भपात, मुकादमाचा हात, पिशवीचं ऑपरेशन ही तिची जखम. तिथं नाव लपवणं हे संरक्षण आहे. आज नेमकं उलटं चाललं आहे. ओवीचं नाव गळतं, आणि जखमेचं गाव छापलं जातं.

२०१९ साली काय झालं आठवा. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जातात ही गोष्ट देशभर गाजली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हा आकडा बाहेर येणं आवश्यकच होतं. तो बाहेर आला म्हणून तर खाजगी दवाखान्यांवर प्रश्न उठले. पण त्यानंतर गाड्या भरभरून माणसं आली. वर्तमानपत्रवाले, वाहिन्यावाले, संशोधक, परदेशी विद्यार्थी. एकेका बाईनं तीच गोष्ट दहा-दहा वेळा सांगितली. बाईचं नाव बदललं, पण गावाचं नाव ठळक छापलं. दोन-चारशे उंबऱ्यांच्या गावात 'चाळीस वर्षांची, तीन मुलींची आई, नवरा टायरगाडीवाला' एवढं लिहिलं की नाव लिहायची गरज उरते का? 'बिनपिशवीच्या बायांचं गाव' असा शिक्का बसला. त्या गावच्या पोरींच्या सोयरिकीत लोक खवचट बोलू लागले, ते कुठल्या निबंधाच्या निष्कर्षात आलं?

तसंच मुलींच्या संख्येचं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. २००१ साली त्या ८९४ होत्या. यावर किती लिहिलं गेलं! पण बराचसा सूर असा, की बीडची बाई अडाणी, तिला मुलगा हवा. सोनोग्राफीचं यंत्र अडाणी माणूस विकत घेत नाही. ते शिकलेला डॉक्टर घेतो. 'संस्कृती' या शब्दाआड डॉक्टर, कारखानदार, मुकादम सगळे लपतात आणि उघडी पडते ती बाई. मानवशास्त्राचं काम रीतिरिवाज सांगायचं आहे हे कबूल. पण हंगामाची उचल जोडप्याच्या नावानं, 'कोयता' म्हणून मिळते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांतही फडात वाकावं लागतं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरावा लागतो, हे रीतिरिवाज नव्हेत. ही मजुरीची व्यवस्था आहे. ती वगळून संस्कृतीवर लिहिलेला निबंध कारखान्याला सोयीचा असतो.

आपलाही हात दगडाखाली

दुसऱ्याला बोलताना आपल्याकडेही बघितलं पाहिजे. स्त्री संघटनांनी गेल्या चाळीस वर्षांत सत्यशोधन अहवाल काढले, पाहण्या केल्या. त्यातले किती अहवाल ज्या वस्तीवर अत्याचार झाला तिथं वाचून दाखवले? निधी देणाऱ्या संस्थेला इंग्रजी अहवाल वेळेत गेला, आणि बायांसाठीचा मराठी 'नंतर करू' म्हणून राहून गेला, असं माझ्या हातूनही झालं आहे. शहरातली ताई विश्लेषण करणार आणि गावची बाई 'केस' असणार, ही वाटणी आपल्या घरातही आहे. ती जातीची आणि वर्गाची वाटणी आहे, हे कबूल केल्याशिवाय विद्यापीठाला जाब विचारण्याचा हक्क आपल्याला पुरता मिळत नाही.

कुणी म्हणेल, गावोगाव अशा अटी घातल्या तर संशोधनच थांबेल. थांबत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांवर जगभरच्या संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं. २०१७ साली त्यांनी स्वतःची आचारसंहिता काढली: आमच्यावर संशोधन करायचं तर आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी हवी, आणि आमच्या परिषदेच्या रीतीनं यायला हवं. आपल्याकडेही मुंबईच्या 'सेहत'च्या पुढाकारानं २००० साली आरोग्यावरच्या सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वं तयार झाली. म्हणजे तत्त्वं आहेत. ती वस्तीपर्यंत आलेली नाहीत, आणि आपण ती मागितलेली नाहीत.

कुणी असंही म्हणेल, की इंग्रजीत लिहिलं नाही तर न्यायालय, मंत्रालय, जग ऐकत नाही. मग लिहा ना इंग्रजीत! इंग्रजीला आमची ना नाही. सावित्रीबाईंच्या लेकी आहोत आपण, इंग्रजीचं वैर आपण कधीच केलं नाही. आमचं म्हणणं इतकंच, की आमच्या भाषेत ऐकून घेतलंत, तर आमच्या भाषेत ऐकवूनही जा.

आपण काय करायचं

नुसता राग काढून भागणार नाही. बीड जिल्ह्यातल्या गटांनी येत्या हंगामाआधी, बाया गावात आहेत तोवर, बसून खालच्या गोष्टी ठरवाव्यात असं मी सुचवते.

एक. प्रत्येक गटानं एक वही ठेवावी. कोण आलं, कुठल्या विद्यापीठातून, मार्गदर्शक कोण, काय विचारलं, काय टेप केलं, परत कधी येणार. आजवर त्यांनी आमच्या नोंदी ठेवल्या, आता आम्ही त्यांच्या ठेवू.

दोन. बाईला दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जावेत. 'तुमचं नाव छापू का?' आणि 'तुमचं गाव छापू का?' बाई नाही म्हणाली तर नाही. नंतर मन बदललं तरी तिचं ऐकलं पाहिजे. इंग्रजी कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

तीन. ओवी, गाणं, गोष्ट नेली तर गाणारीचं नाव छापलंच पाहिजे, आणि आवाजाची एक प्रत तिच्या घरी दिली पाहिजे. आजी गेल्यावर नातीला तिचा आवाज ऐकता यावा.

चार. प्रबंध दाखल होण्याआधी त्याचा चार-सहा पानी मराठी सारांश त्याच वस्तीवर वाचून दाखवावा. बाया म्हणाल्या 'हे असं नव्हतं', तर ते तसं प्रबंधात नोंदवावं. आणि ही अट विद्यापीठानं घालावी. एकट्या संशोधक मुलीच्या चांगुलपणावर ती सोडू नये.

पाच. मुलाखतीसाठी अर्धा दिवस मोडला तर अर्ध्या दिवसाची मजुरी. प्रकल्पाच्या खर्चात प्रवास असतो, झेरॉक्स असते, तशी बाईची मजुरीही असावी.

सहा. मराठीत केलेलं लेखन, वस्तीवर केलेलं वाचन यांना बढतीच्या हिशेबात जागा मिळावी. यासाठी तासिका तत्त्वावरच्या, पक्क्या नोकरीविना राबणाऱ्या प्राध्यापक मैत्रिणींबरोबर आपण उभं राहायचं. त्या आपल्या विरोधात नाहीत. त्यांच्याकडूनही फुकट काम करून घेतलं जातं आणि आपल्याकडूनही.

सात. आपल्या संघटनेचे जुने अहवाल काढू या, आणि ज्या गावांतून ते आले त्या गावांत या वर्षी परत जाऊ या. सुरुवात आपल्यापासून.

धारूरच्या त्या बाईला मी म्हटलं, "मावशी, मी शोध घेते." तिनं मान हलवली आणि म्हणाली, "घावली तर तिला सांगा, मी अजून हितंच हाय. वाचायला येत नाय मला, पर ऐकायला येतं."